पेटी कुणी न्यायची

तिसरं पान संपलं तरी कुणी हसलं नव्हतं. विद्युलता पाटोळेनं कागदावरून नजर वर केली. समोर सव्वीस माणसं बसली होती, सगळी सभ्य, सगळी तिच्याकडेच बघत असलेली. पहिल्या रांगेतल्या एका कवीनं जांभई तोंडातल्या तोंडात मिटवली.

मद्रासच्या नुंगंबाक्कम भागातल्या एका चर्चच्या मागे, छोट्या हॉलमध्ये, ख्रिस्ती लेखकांचं एक दिवसाचं संमेलन भरलं होतं. साल २००३. बाकीचे सगळे तमिळमध्ये नाहीतर इंग्रजीत लिहिणारे. विद्युलता मूळची नगरची. नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीपायी अकरा वर्षं याच शहरात, पेरांबूरला राहत होती. तमिळ आता कळायचं, बाजारापुरतं बोलताही यायचं, पण लिहायची ती मराठीत. आणि ते वाचणारं इथं कुणी नव्हतं. म्हणून तिनं आठवडाभर शब्दकोश उघडा ठेवून आपली गोष्ट इंग्रजीत उतरवली होती. त्या खटाटोपात गोष्टीचा जीवच गेला होता, हे तिला आत्ता उभं राहून वाचताना कळत होतं.

"माफ करा," ती म्हणाली. "मराठीत ही गोष्ट जरा बरी आहे हो."

संमेलन भरवणारे ज्ञानदुरै एक लहानसं तमिळ मासिक चालवत. ते हसले. "मग मराठीतच वाचा, अम्मा. निदान तुमचा खरा आवाज तरी ऐकू."

विद्युलतेनं पिशवीतून मूळ वही काढली. समजणारं कुणी नाही म्हटल्यावर भीडही उरली नाही. ती खणखणीत वाचू लागली.

गोष्ट दोन बहिणींची होती. वडील चर्चचे पाळक. ते गेल्यावर धाकटीनं त्यांची पेटी गादीत गुंडाळून परस्पर मद्रासला नेली. थोरली आयुष्यभर वडिलांजवळ राहिलेली, दर रविवारी चर्चमध्ये तीच पेटी वाजवणारी. आता ती स्टीलच्या डब्यावर ठेका धरायची, आणि पहिलं कडवं संपेपर्यंत अर्धी मंडळी भलत्याच गीतावर जाऊन पोचायची. इकडे धाकटीच्या घरात पेटी वाजवता येणारं कुणी नव्हतं. तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवलेले असायचे. एकदा हौसेनं भाता दाबला, तर सूर आधी आला आणि मागून झुरळ आलं.

हॉलच्या मागच्या दारातून खदखदून हसण्याचा आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. जेवणाचं काम घेतलेल्या अन्नपूर्णाबाई हातात भाताचा डाव धरून दारात उभ्या होत्या. साठीच्या, ठसठशीत कुंकू लावलेल्या. "आम्ही तंजावूरचे मराठी," त्या विद्युलतेला म्हणाल्या. "घरांत हीच भाषा. झुरळ मज कळलं, अक्का."

ज्ञानदुरैंनी टाळी वाजवली. "मग आम्हाला पण सांगा की!"

वाचन संपल्यावर अन्नपूर्णाबाईंनी डाव खिडकीत ठेवला, पदर खोचला आणि तमिळमध्ये सुरुवात केली. त्यांनी थोरलीचा डबा वाजवून दाखवला. भलतं गीत धरलेल्या म्हाताऱ्याचा आवाज काढला. जांभई देणारा कवी डोळे पुसू लागला. विद्युलता कौतुकानं ऐकत होती. शेवट आला तशी ती सावरून बसली.

तिनं लिहिलं होतं की नाताळच्या आदल्या दिवशी थोरली आपण होऊन मद्रासला येते, धाकटीला पोटाशी धरते आणि पेटी वाजवायला बसते. अन्नपूर्णाबाईंच्या गोष्टीत थोरली आलीच नाही. धाकटीनंच पेटी पुन्हा गादीत गुंडाळली, एकटीनं ओढत गाडीत चढवली आणि नगरला जाऊन थोरलीच्या दाराची कडी वाजवली. तिथं त्या थांबल्या. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. "हीच छापतो!" ज्ञानदुरै ओरडले.

जेवायच्या सुट्टीत विद्युलतेनं अन्नपूर्णाबाईंना गाठलं.

"मी असा शेवट लिहिला नव्हता."

"ठाऊक आहे." अन्नपूर्णाबाईंनी तिच्या पानात लिंबूभात वाढला. "तुमचा मज पटला नाहीं. थोरली कां म्हणून येईल? पेटी नेली कोणी?"

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"आतां कोठें आहे ती पेटी, अक्का?"

"पेरांबूरला," विद्युलता म्हणाली. "माझ्या घरी. नऊ वर्षं झाली."

बाईंनी मान डोलावली आणि त्या पुढच्या पानाकडे वळल्या.

भात तसाच राहिला. विद्युलता हात धुऊन रस्त्यापलीकडच्या एसटीडी बूथमध्ये गेली. नऊ वर्षांत एकदाही फिरवलेला नव्हता, तरी नंबर पाठ होता. पलीकडे घंटा वाजत राहिली. मग कुणीतरी फोन उचलला.

"ताई, मी विद्युलता."

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला नाही.

"शनिवारच्या गाडीनं पेटी घेऊन येते. नऊ वर्षं मी चुकीचं वागले. तू दार उघडलं नाहीस तरी चालेल, मी पायरीवर ठेवीन आणि परत फिरेन."

पलीकडे शर्मिष्ठाताईनं घसा खाकरला.

"गाडी बदलायला दौंडला किती वाजता उतरतेस?" तिनं विचारलं. "मी स्टेशनवर येते. ती पेटी तुला एकटीला उचलायची नाही."