ड्रम की डिस्क

गहिनीनाथ आबांच्या जुन्या ट्रकचे मागचे ब्रेक आता नावालाच उरले होते.

"आबा, ह्यावेळी ड्रम ब्रेक नको, डिस्क ब्रेक बसवा. भरला ट्रक उतारावर थांबत न्हाई," सिरसाळ्याचा पप्पू मिस्त्री म्हणाला.

"म्हाताऱ्या गाडीचे कशाला बे एवढे लाड? हायत तेच ड्रम घासून बसव. ड्रायव्हर जुना हाय, घेतो सांभाळून."

"बरं. पण उद्या तुमच्या निवडणुकीच्या विजयी मिरवणुकीत डीजे ह्याच ट्रकवर हाय ना? त्याच्या पुढं तुमची उघडी जीप, अन् वाटेत वेशीचा उतार."

आबांनी खिशातून मोबाईल काढला. मिरवणुकीची तयारी करणाऱ्या पोरांना फोन लावला.

 

"उद्या माझी जीप डीजेच्या मागं लावा रे. ह्यावेळी ट्रकपुढं नाचायचा मान कार्यकर्त्यांचा!"