या पत्त्यावर कोणी राहत नाही

“या पत्त्यावर कोणी राहत नाही,” पालिकेच्या कचेरीत काचेपलीकडे बसलेली असुन्सिओन पडद्यावरचं वाचून म्हणाली. “अर्ज बंद झालाय, बाई.”

डेल्मीला वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाचा अर्ज उघडला असेल. तिने पुन्हा आपलं नाव सांगितलं. रस्ता सांगितला, तिसरा मजला, उजवीकडचं दार.

“तेच आहे. तपासणीला तीनदा जाऊन आले. कोणी दार उघडलं नाही.”

“असं कसं होईल? मी कामावर असते, पण पोरगी दिवसभर घरीच असते. शाळेला तुमच्याकडचा पत्त्याच्या नोंदणीचा कागद लागतो, म्हणून तर अर्ज केला.”

शाळेने जागा शुक्रवारपर्यंत धरून ठेवली होती. आज बुधवार होता.

डेल्मी शेजारी उभ्या असलेल्या येइमीकडे वळली. होंडुरासहून स्पेनमधल्या एब्रो नदीकाठच्या या शहरात येऊन मायलेकींना सात महिने झाले होते. येइमीला नुकतंच आठवं लागलं होतं.

“फाईल घेऊन एक बाई येईल, तिला दार उघड, असं सांगितलं होतं ना मी?”

“बाई नाही आली,” येइमी म्हणाली. “पोलीस आले होते.”

डेल्मीने तिचा हात धरला.

“तीन वेळा आले. पण तू शिकवलंयस तसंच केलं मी. पलंगाखाली गेले. फ्रिजसुद्धा बंद केला, तो घुरघुरतो म्हणून. ते नावाने हाका मारत होते, तुझ्या आणि माझ्या. मी खोकलेसुद्धा नाही.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू मग झोपत नाहीस.”

असुन्सिओनने हातातलं पेन खाली ठेवलं. “अहो, पत्ता बघायला पालिकेचेच पोलीस जातात. ते देशात राहायचा परवाना विचारत नाहीत. तुम्ही तिथे राहता का, एवढंच बघतात. परवाना नसला तरी नोंदणी होते, हे पहिल्या दिवशीच सांगितलं होतं मी तुम्हाला.”

“ते सांगितलंत. कोण येणार, ते नाही सांगितलंत.”

“ते माहीत असतं सगळ्यांना.”

डेल्मीने येइमीला खांद्याला धरून काचेपुढे उभं केलं. “ही बघा. ही राहते तिथे.”

“मला दिसतेय हो. पण मला दिसून उपयोग नाही, अहवाल त्यांचाच लागतो.” असुन्सिओनने पडद्यावर शोधाशोध केली. “नवा अर्ज घेता येईल. तारीख मिळतेय फेब्रुवारीतली.”

“येत्या एक तारखेला खोली सोडायचीय. घरमालकाची मेहुणी येणार आहे.”

“मग नव्या पत्त्यावरून अर्ज करा.”

“नवा पत्ता नाहीये.”

मागच्या रांगेतल्या माणसाने घसा खाकरला. असुन्सिओन काचेच्या खालच्या फटीपर्यंत वाकली आणि येइमीशी मऊ आवाजात बोलू लागली.

“हे बघ बाळा. पुढच्या वेळी लक्षात ठेव. टोपीवर पांढऱ्या-निळ्या चौकड्यांची पट्टी असली, की तो पालिकेचा पोलीस. त्याला घाबरायचं नाही, दार उघडायचं. दुसरे असतात, परवाना विचारणारे, त्यांच्या टोपीवर पट्टी नसते. कळलं?”

येइमीने मान हलवली. मग ती विचारात पडली.

“पण दार उघडल्याशिवाय टोपी कशी दिसणार? आमच्या दाराला बघायचं भोक नाहीये.”

डेल्मी खाली वाकून पोरीच्या कोटाची बटणं लावू लागली. खालचं लावलं, मधलं लावलं, गळ्याशी असलेलंही लावलं. सगळी लावून झाली तरी ती वाकलेलीच राहिली.