प्रीताचं मचाण

ट्रॅक्टरनं दोर ताणला आणि शेतात आडवं पडलेलं मचाण हळूहळू उठू लागलं. प्रीता एका हातानं इशारे करत होती. दुसरा हात तिनं उगाचच हवेत धरला होता, जणू पडलंच तर ती ते झेलणार होती. दहा फुटी चार पाय आणि त्यांच्यावर दार-खिडक्यांची बंदिस्त लाकडी खोली. हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला की शिकारी पहाटे असल्या खोलीत चढून बसतात. पाय जमिनीवर टेकले, खोली एकदा डुलली आणि स्थिर झाली. प्रीताचा जीव भांड्यात पडला.

"ब्यूटिफुल," ट्रॅक्टरवरून डॅरेल म्हणाला. शेत त्याचं होतं आणि मचाणही त्यानंच सांगितलेलं.

प्रीतानं वळून बाबांकडे पाहिलं. शैलेंद्र मक्याच्या कडेला हाताची घडी घालून उभे होते.

ट्रॉय शहरातली इंजिनिअरची चांगली नोकरी सोडून लेक शिकाऱ्यांसाठी मचाणं बांधू लागली, तेव्हापासून घरात हा विषय निघत नसे. महाराष्ट्र मंडळात कुणी विचारलं तर 'ती डिझाइनमध्ये आहे' असं सांगून शैलेंद्र मोकळे होत. घर शाकाहारी आणि लेकीचं गिऱ्हाईक बंदूकवालं, सांगणार तरी काय? आज तिनं हट्टानं आईबाबांना इथवर आणलं होतं, तेही ऐन श्रावणात. हरणांना सवय व्हावी म्हणून मचाण दोन-तीन महिने आधीच उभं करावं लागतं, त्याला ती बिचारी काय करणार! तिला फक्त एक हवं होतं. गॅरेजमध्ये शेजारी बसवून ज्या माणसानं तिला करवत धरायला शिकवलं, त्यानं एकदा 'छान झालंय' म्हणावं.

पायांना खुंट्या ठोकून झाल्यावर शैलेंद्र पुढे आले. त्यांची सगळी नोकरी मोटारींच्या कारखान्यात रंग तपासण्यात गेली होती. सुईच्या टोकाएवढा डाग दिसला तरी ते अख्खी गाडी माघारी पाठवत. त्यांनी मचाणाला दोन प्रदक्षिणा घातल्या. शिडी चढून भिंतीच्या रंगावरून तळवा फिरवला. रंग वाळल्या गवतासारखा होता, जराही न चमकणारा. पायांचा आवाज होऊ नये म्हणून प्रीतानं आत गालिचा अंथरला होता, त्यावर त्यांनी टाचा आपटून पाहिल्या. मग एकेक खिडकी कान लावून उघडली आणि मिटली. एकही कुरकुरली नाही.

बराच वेळ ते आतच होते. एवढं काय बघताहेत, ते प्रीताला कळेना. शाळेतला निकाल ऐकायला उभी राहायची तशी ती शिडीच्या पायथ्याशी उभी राहिली.

"डावीकडच्या खिडकीचा एक स्क्रू जरा वर राहिलाय," खाली उतरून शैलेंद्र म्हणाले आणि त्यांनी बायकोकडे, विनीताकडे, पाणी मागितलं.

प्रीतानं वर जाऊन स्क्रू बसवला. तिचा चेहरा उतरला होता. डॅरेलनं तेवढ्यात आपल्या दोन्ही भावांसाठी अशीच मचाणं सांगितली आणि तो ट्रॅक्टर घेऊन घराकडे गेला. एरवी तिनं उड्या मारल्या असत्या. पण परक्याच्या कौतुकानं भागत असतं, तर तिनं बाबांना इतक्या लांब आणलंच नसतं.

अवजारं गाडीत टाकून ती परत आली आणि जागीच थबकली. दाराशेजारी, तिच्या नितळ रंगावर, रुपयाएवढा काळाकुट्ट ठिपका होता. छताच्या फटी बुजवायच्या डांबरी लुकणाचा डबा खाली उघडा पडला होता. शैलेंद्र रुमालाला बोट पुसत शिडीवरून उतरत होते.

"बाबा, हे तू केलंस?"

"हो," असं म्हणून ते मोटारीकडे चालू लागले.

प्रीताच्या अंगाची लाही लाही झाली. तिनं रंगाचा डबा आणि ब्रश उचलला आणि शिडीवर पाय ठेवला. इतका वेळ घडीच्या खुर्चीवर बसून तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा राखणारी विनीता लगबगीनं उठून आली. तिनं लेकीचा दंड धरला.

"राहू दे तो."

"आई, धिस इज सो मीन. लाइफभर असे स्पॉट्स शोधून त्याने गाड्या रिजेक्ट केल्या. आणि माझ्याच कामावर मुद्दाम स्पॉट पाडला?"

"डाग नाही गं, तीट आहे ती. गोड बाळाला दृष्ट लागू नये म्हणून काजळाचा ठिपका लावतात ना, तसली."

प्रीताला काही समजेना. "कोणाची दृष्ट? डॅरेलची? ही वॉज सो नाइस, आई."

"डॅरेलची कशाला?" विनीता हसली. "सगळ्यात आधी आपल्याच माणसाची लागते. तू गाडीकडे गेलीस तेव्हा मला म्हणाले, 'सकाळपासून माझेच डोळे हटत नाहीयेत त्याच्यावरून, आधी काहीतरी करायला हवं.'"