भिडूलाच विचारायचं

ब्रिजच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या सुट्टीत त्याने बायकोला जिन्याखाली गाठलं, तिच्या डाव्या हाताची करंगळी मुठीत धरली आणि मागे वाकवत नेली. कट्कन आवाज झाला. वर सगळा क्लब चहा पीत होता.

"मी डबल दिला होता," तो तिच्या कानाशी म्हणाला. "म्हणजे तू तुझा रंग सांगायचा. पास काय करतेस?"

"गेल्या आठवड्यात तुम्हीच म्हणालात की..."

"गेल्या आठवड्याचं गेल्या आठवड्यात. आता चुकलीस तर उजवा हात."

ब्रिजमध्ये समोरच्या भिडूशी बोलायची सोय नसते. डब्यातून बोलीचं कार्ड काढून टेबलावर ठेवायचं, काय ते त्यावरून ओळखायचं. डबलचं लाल कार्ड तर दोन तोंडांचं. कधी त्याचा अर्थ असतो, या विरुद्ध जोडीला बुडवू, तू गप्प राहा. कधी असतो, मला दुसरे रंग चालतील, तू तुझा सांग. कोणत्या वेळी कोणता, हे भिडू आधी ठरवून ठेवतात. या दोघांचं काहीच ठरलेलं नव्हतं. ती ठरवू या म्हणाली की तो विषय उडवून लावायचा, आणि का ते उघड आहे. एकदा ठरलं की चूक कोणाची तेही कळतं.

घंटा झाली. ती जागेवर येऊन बसली, पत्ते उजव्या हातात घेतले आणि डावा हात मांडीवर लपवला. या फेरीला प्रतिस्पर्धी दातांची डॉक्टरीण आणि तिची म्हातारी आत्या होती. आत्याने तीन इस्पिकची बोली केली. त्याने लगेच लाल कार्ड काढून ठेवलं, आपले पत्ते पालथे घातले आणि हाताची घडी घातली.

बोलली तरी मार, पास म्हटलं तरी मार.

पाळी डॉक्टरणीची होती. तिने चष्मा वर सरकवला. "एक मिनिट. या डबलचा अर्थ काय?"

असं विचारायचा हक्क असतो. पण विचारायचं बोली करणाऱ्याच्या भिडूला, आणि उत्तर भिडूनेच द्यायचं, खरं खरं. ज्याने बोली केली त्याने तोवर ओठही हलवायचे नाहीत. या नियमावरून त्याने आजवर अर्ध्या क्लबाला पंचांपुढे उभं केलं होतं. त्याला सगळे कलमबहाद्दर म्हणत ते उगीच नाही. तो छताकडे बघत बसला.

"आमचं जे ठरलंय ते सांगायचं ना?" तिने विचारलं.

"हो. आणि आधीचा काही अनुभव असेल तर तोही."

"गेल्या आठवड्यात याचा अर्थ होता, पास कर. मी बोलले. घरी गेल्यावर ह्यांनी माझं डोकं कपाटाच्या दारावर आपटलं." तिचा आवाज अगदी सपाट होता. "मघाशी याचा अर्थ होता, बोल. मी पास केलं." तिने डावा हात टेबलावर ठेवला. करंगळी काळीनिळी पडून भलतीकडेच वळली होती. "आत्ताचा अर्थ मला गाडीत कळेल."

त्याची मान लाल होत गेली, पण नियम म्हणजे नियम, तो क्षणभर खरंच गप्प राहिला. मग उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि त्याने तिच्या तोंडावर ठोसा मारला. ती खुर्चीसकट मागे कोसळली. त्याने बरगडीत लाथ घातली, मग दुसरी. तिसरीला डॉक्टरणीने कार्डांचा डबा त्याच्या कपाळावर हाणला आणि शेजारच्या टेबलावरचे दोघे त्याच्या अंगावर पडले. पंच धावत आला आणि सवयीने म्हणाला, "कोणी पत्त्यांना हात लावू नका."

त्याला फरफटत बाहेर नेलं. जाताजाता त्याने लाथेने दाराची काच फोडली. आत्या गुडघे धरत खाली बसली आणि तिने आपला रुमाल तिच्या फुटलेल्या ओठावर दाबला.

"आज तू आमच्याकडे चलायचंस, बाळा. पोलिसांकडेही आपण तिघी जाऊ."

तिने मान डोलावली. तिला रडू फुटलं ते तेव्हा.

डॉक्टरणीने तिला खुर्चीत बसवलं, करंगळीला दोन पेन्सिली बांधल्या. टेबलावर त्याचे पत्ते तसेच पालथे होते. डॉक्टरीण ते उलटायला गेली.

"बघू तरी, काय म्हणायचं होतं त्याला."

तिने उजवा पंजा पत्त्यांवर ठेवला.

"राहू द्या," ती फुटक्या ओठांनी म्हणाली. "काहीही निघालं तरी चुकलेली मीच असते."