नवा कट्टा

पोस्टमनकाका कट्ट्यावरून तिसऱ्यांदा घसरले, तेव्हा मात्र नर्सबाईंना हसू आवरेना.

"हसा, हसा," काका पँट झटकत म्हणाले. "तुमच्या भाच्याचं काम आहे. आता तुम्ही बसून दाखवा."

बाई बसल्या. दोन्ही पाय जमिनीत रोवले म्हणून टिकल्या. जरा वेळात पोटऱ्या भरून आल्या, गुडघा कुरकुरला आणि त्या निमूटपणे उठल्या. दगड देखणा होता, काळाभोर आणि गुळगुळीत. पण तो पुढच्या बाजूला उतरता होता. मागे टेकायला काही नव्हतं. शिवाय हातहातभर अंतरावर पितळेची एकेक उभी पट्टी ठोकलेली होती. शेजारी बसायचं म्हटलं तरी मध्ये कुंपण.

कट्ट्यामागे नवी इमारत उभी होती. वर बघताना टोपी पडावी एवढी उंच आणि सगळी काचेची. आज उद्घाटन म्हणून गर्दी लोटली होती. जो तो फोन वर धरून फोटो काढत होता. "शहराचं नशीब उघडलं!" कुणीतरी म्हणालं. समोरचा न्हावी दारात उभा राहून म्हणाला, "शहराचं ठाऊक नाही बुवा. या काचांचं ऊन दुपारभर माझ्या दुकानात येतं. गिऱ्हाईक डोळे मिटून बसतं, मला वाटतं झोपलं."

लोक हसले. वकीलसाहेब हसले नाहीत. ते वकील नव्हते, आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करत आले होते, पण वाद घालायची हौस दांडगी. "बाई," ते म्हणाले, "शब्द तुमचा होता."

होताच. बाईंना त्याची आठवण करून द्यायची गरज नव्हती.

या जागी पूर्वी छापखाना होता आणि त्याच्यापुढे लांबलचक दगडी कट्टा. बाईंचे यजमान गेले, लेक संसाराला दूरदेशी गेली, तेव्हापासून बाईंचा दिवस त्या कट्ट्याच्या जिवावर ढकलला जायचा. घरी बोलायला होता फक्त फ्रिज, आणि तोही आपलाच सूर धरून बसलेला. छापखाना पाडायला यंत्र आलं, तेव्हा रोजची मंडळी कट्ट्यावर ठाण मांडून बसली. यंत्र परत गेलं. पुन्हा आलं, पुन्हा परत गेलं. साहेब लोकांनी हात जोडले, मग डोळे वटारले. कुणी जागचं हललं नाही. म्हातारी माणसं, उचलून टाकणार कशी?

मग बाईंच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा आला. इमारतीचा रस्त्याकडचा भाग आखायचं काम त्याच्याकडे होतं. "मावशी, कट्टा तुम्हाला परत मिळेल," तो म्हणाला. "मी स्वतः करतोय."

याला बाईंनी अंगाखांद्यावर खेळवलं होतं. त्या मंडळींकडे वळून म्हणाल्या, "घरचं पोर आहे. शब्द माझा." आणि मंडळी उठली.

मग जुना कट्टा पडेपर्यंत पोरगा रोज यायचा. सगळ्यांमध्ये मांडी घालून बसायचा आणि विचारायचा. काका, उंची किती असली की पाय अवघडत नाहीत? ऊन कुठून येतं? गप्पा मारताना किती जवळ बसता? त्याने मोजपट्टीने काकांची नडगीसुद्धा मोजली. इतकी विचारपूस पोटच्या पोरांनी केली नव्हती. मंडळी खुलून सांगायची. वकीलसाहेबांना पाठीला भिंत लागायची. काका म्हणाले, शेजारच्याचा खांदा लागला की गप्पांना रंग चढतो. बाईंनी तर आपली सगळी विद्या ओतली. बैठक किंचित मागे कललेली असली की पाय सैल पडतात, माणूस तासभर हलत नाही. पोरगा मन लावून ऐकायचा. बाईंना त्याचा अभिमान वाटायचा.

"गवंड्याने घोळ घातलाय," आता त्या ठामपणे म्हणाल्या. "उतार उलटा काढलाय मेल्याने. थांबा, बोलावते त्याला."

फोन लावल्यावर भाचा आतून आला. अंगात नवा कोट होता. बाई त्याला बाजूला घेऊन गेल्या, चारचौघांत त्याची शोभा नको म्हणून.

"अरे, काम बघायला उभा नव्हतास का? काका तीनदा घसरले! त्या गवंड्याला बोलाव आणि दगड काढून पुन्हा बसवायला लाव."

"मावशी, गवंड्याची चूक नाही."

"मग कुणाची?"

तो बुटांकडे बघत राहिला. "चूक नाहीच आहे. तुम्ही तेव्हा किती दिवस उठला नाहीत, ते मालकांनी पाहिलं होतं. त्यांना म्हणायला कट्टा हवा होता. पण कुणी बसून राहायला नको होतं."

बाईंना आधी नीट समजलंच नाही. मग समजलं आणि त्यांचा हात आधार शोधू लागला. टेकायला जवळ काही नव्हतं. पलीकडून काका हात हलवून विचारत होते, कधी दुरुस्त करतोय म्हणून. वकीलसाहेब बघतच होते.

"केसाने गळा कापलास रे," त्या म्हणाल्या. आवाज चढवायचा होता, चढला नाही. "बसू द्यायचंच नव्हतं, तर आम्हाला कशाला विचारत बसलास? उंची किती, टेकायला काय लागतं, कसं बसलं की बरं वाटतं... रोज येऊन, मांडी घालून, कशाला विचारलंस?"

भाच्याने मान वर केली. लहानपणी गणित अडलं की तो असाच हळू आवाजात बोलायचा.

"कशाने बरं वाटतं ते कळल्याशिवाय ते काढून टाकायचं कसं, मावशी?"