कुजबुजीची प्रार्थना

“मावशी, काही ऐकूच येत नाही! जरा मोठ्यानं म्हणा,” मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं.

फायगा थांबली. कम्युनिस्टांची राजवट संपली आणि युक्रेनमधल्या त्या गावातल्या ज्यूंना आपलं सिनेगॉग परत मिळालं. पण शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाला, निरोप देताना बायका म्हणतात ती प्रार्थना आता एकट्या तिलाच येत होती. आज कुणी शिकलं नाही, तर ती तिच्याबरोबरच जाणार होती.

“अहो, ही कुजबुजतच म्हणायची असते. आईनं मला तशीच शिकवली, कानाला तोंड लावून.”

सिनेगॉगची किल्ली सांभाळणारा लिओनिद हसला. “मावशी, ते पोलिसांना ऐकू जाऊ नये म्हणून! देवानं कधी सांगितलं होतं, कुजबुजा म्हणून?”

सगळे हसले. फायगा हसली नाही. साठ वर्षं ती भीतीलाच रीत समजत आली होती.

तिनं डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि गळा मोकळा सोडला. सूर फाटका, पण शब्द जात्यातून पीठ झरावं तसे झरत राहिले. मागच्या बायका एकेक ओळ उचलू लागल्या.

रस्त्यावरचे दोघे थबकून उघड्या दारातून आत पाहू लागले. लिओनिद घाईघाईनं दार लावायला उठला.

फायगानं गाता गाताच त्याला हातानं खाली बसवलं.