सात नंबरचा कप्पा

दुपारी तीनला शवागारातला सात नंबरचा कप्पा आपोआप गार होऊ लागला. कोण जाणार हे रुग्णालयाच्या यंत्रणेला दोन तास आधीच कळायचं. मेंटेनन्सच्या माणसांनी मात्र नाव विचारायचं नाही, अशी रीतच पडली होती. इंजिनिअर शर्वरीनेही बारा वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

मग कप्प्यातला ट्रे जाणाऱ्याच्या मापाप्रमाणे लांब होऊ लागला आणि सहा फूट चार इंचांवर थांबला.

शर्वरी हातातलं काम टाकून चौथ्या मजल्यावर धावली. तिथे बाबा दाखल होते.

"आज लवकर सुटलीस?" बाबा हसले. "बघ ना, हा पलंग आखूड पडतो मला. पाय उघडेच राहतात."

"हो बाबा," म्हणत तिने त्यांचे पाय मांडीवर घेतले. पाय अजून ऊबदार होते.